सिस्टर गेल्या, शाळेचा हिशेब बदलला

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळा घटल्या त्या श्रद्धा आटल्यामुळे, असं सांगितलं जातं. मला निम्मं उत्तर पगारपत्रकात दिसतं. 1920 साली तिथले 90 टक्क्यांहून अधिक शिक्षक सिस्टर, ब्रदर किंवा फादर होते. आज 3 टक्केही नाहीत. सिस्टर नाममात्र मानधनावर शिकवत (कुठल्याच वहीत न नोंदलेलं अनुदानच ते!). प्रापंचिक शिक्षक आले, पगार वाढले, फीही वाढली. 1960च्या दशकात 50 लाखांवर असलेली पटसंख्या आता 17 लाखांच्या आसपास आहे.

सिस्टर गेल्या म्हणजे कॅथलिकपण गेलं, हा आक्षेप मात्र पटत नाही; शाळा मुख्यतः शिक्षकांवर उभी असते, असं 1965 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंच म्हटलं. म्हणून पुढचा आराखडा पगारापासून सुरू व्हावा. शिकागोची क्रिस्टो रे शाळा 1996 पासून पगारासाठी लागणारी फी अशी उभी करते: विद्यार्थी महिन्यातले काही दिवस कचेऱ्यांत काम करतात आणि ती कमाई फीत वळती होते.