श्वासाचें कुलूप

दारू पिऊन गाडी हांकणाऱ्यास शासन काय करावें, हा प्रश्न जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. 1897 सालीं लंडन शहरांत विजेच्या गाडीच्या एका भाडोत्री सारथ्यास या अपराधाबद्दल 25 शिलिंग दंड झाल्याची नोंद आहे. तेव्हांपासून जगांतील न्यायालयें तीन उपाय करीत आलीं आहेत : दंड, तुरुंग आणि परवान्याची जप्ती. परंतु या तिहींतही एक उणीव राहतेच. दंड भरून माणूस मोकळा होतो, तुरुंगाची मुदत संपते, आणि ज्याचा परवाना काढून घेतला तो पुष्कळदां परवान्यावांचूनच गाडी बाहेर काढतो. ज्या क्षणीं तो झोकांड्या खात गाडीचें दार उघडतो, त्या क्षणीं त्याचा हात धरावयास तेथें कोणीच नसतें. तो हात धरण्याची एक युक्ति अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आतां सर्वत्र रूढ झाली आहे. तिची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, सुना, लेकी आणि जांवई तिकडे संसार थाटून आहेत, आणि तिकडील बहुतेक गांवांत मोटारीवांचून दूधभाजीही घरांत येत नाहीं. तेव्हां हा विषय परक्याचा समजण्याचें कारण नाहीं.

ही युक्ति म्हणजे मोटारीच्या चालू करण्याच्या यंत्रणेस जोडलेलें एक लहानसें उपकरण. हांकणाऱ्यानें प्रथम त्याच्या नळींत फुंकावयाचें. आंत प्लॅटिनमचा लेप दिलेली एक पट्टी असते. श्वासांतील मद्यार्काचा तिच्याशीं संयोग झाला कीं सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि मद्यार्क जितका अधिक तितका हा प्रवाह अधिक. त्यावरून रक्तांतील प्रमाणाचा अजमास येतो. तें प्रमाण दर शंभर मिलिलिटर रक्तामागें सुमारें 20 मिलिग्रॅमच्या वर गेलें, तर इंजिन सुरूच होत नाहीं. बहुतेक संस्थानांत गुन्ह्याची सामान्य मर्यादा 80 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे एकदां दोषी ठरलेल्या माणसास हें यंत्र चौपट कडक नियम लावतें.

एकदां फुंकून गाडी सुरू केली आणि मग वाटेंत बाटली उघडली, असें कोणी करूं नये म्हणून प्रवासांतही मधूनमधून, पूर्वसूचनेवांचून, यंत्र पुन्हां श्वास मागतें. तो दिला नाहीं, किंवा सदोष निघाला, तर धांवती गाडी बंद मात्र पडत नाहीं. कारण भर रस्त्यांत गाडी थबकली तर मागून येणाऱ्या निरपराध माणसाच्या प्राणावर बेतेल. त्याऐवजीं शिंग वाजूं लागतें, दिवे लुकलुकूं लागतात, आणि घडलेली गोष्ट यंत्राच्या स्मृतींत टिपली जाते. एकदोन महिन्यांनीं तपासणी होते, तेव्हां ती सारी नोंद अधिकाऱ्यांच्या हातीं जाते. दुसऱ्याच कोणाकडून फुंकवून घेण्याची लबाडी उघडकीस यावी म्हणून कित्येक संस्थानांत यंत्रास छायाचित्रकही जोडतात.

या कल्पनेमागें मोठी तपश्चर्या आहे. श्वासावरून मद्य ओळखण्याचें पहिलें व्यवहार्य यंत्र इंडियाना विश्वविद्यालयाचे रोला हार्गर यांनीं 1930 नंतरच्या दशकांत प्रचारांत आणलें. पुढें 1954 सालीं रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनीं पोलिसांना सहज वापरतां येईल असें सुटसुटीत यंत्र बनविलें. परंतु यंत्रास कायद्याचें पाठबळ मिळण्यास लोकमत जागें व्हावें लागतें. तें काम कँडी लाइटनर या कॅलिफोर्नियांतील मातेनें केलें. तिची तेरा वर्षांची मुलगी एका दारूबाजाच्या गाडीखालीं सांपडून मरण पावली, आणि त्याच वर्षीं, म्हणजे 1980 सालीं, तिनें मद्यपी हांकणाऱ्यांविरुद्ध मातांची संघटना उभारली. 1986 सालीं कॅलिफोर्नियानें या कुलुपाचा प्रयोग करण्याचा कायदा केला, आणि 2005 सालीं न्यू मेक्सिकोनें पहिल्याच अपराधाला प्रत्येक दोषी माणसास तें सक्तीचें केलें. आज पन्नासही संस्थानांत या यंत्राविषयीं कोणता ना कोणता कायदा आहे.

न्यूयॉर्कची कथा विशेष हृदयद्रावक आहे. 2009 च्या ऑक्टोबरांत एक बाई मद्याच्या अंमलाखालीं आपल्या मुलीच्या मैत्रिणींना गाडींतून नेत होती. गाडी उलटली आणि त्यांतील एक अकरा वर्षांची मुलगी दगावली. त्या मुलीचें नांव धारण करणारा ‘लिआंड्राचा कायदा’ त्याच वर्षीं नोव्हेंबरांत झाला. पंधरा वर्षांचें वा त्याहून लहान मूल गाडींत असतां दारू पिऊन गाडी हांकणें हा त्यायोगें पहिल्याच वेळीं गंभीर गुन्हा ठरला, आणि 15 ऑगस्ट 2010 पासून अशा नशेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या प्रत्येकास श्वासाचें कुलूप बंधनकारक झालें.

यापासून फलप्राप्ति काय, असें वाचक विचारतील. यंत्र गाडीवर असेपर्यंत पुन्हां अपराध घडण्याचें प्रमाण सुमारें दोनतृतीयांशानें घटतें, असें तिकडील आरोग्यखात्यानें एकत्रित केलेल्या अभ्यासांवरून दिसतें. 2022 या एकाच वर्षीं त्या देशांत मद्यपी हांकणाऱ्यांमुळें घडलेल्या अपघातांत 13,524 माणसें मेलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें मोल कळतें. शिवाय या शासनांत अपराध्याची नोकरी बुडत नाहीं व त्याच्या मुलांच्या तोंडचा घांस जात नाहीं. त्याचें जाणेंयेणें चालूच राहतें. थांबतें तें मद्याच्या संगतीनें होणारें जाणेंयेणें.

तथापि वैगुण्येंही सांगितलीं पाहिजेत. यंत्राचा खर्च, दिवसास सुमारें अडीचतीन डॉलर, बहुधा अपराध्यावर पडतो. श्रीमंतास तो किरकोळ, पण गरिबास भारी वाटतो; म्हणून कांहीं संस्थानांनीं दुर्बलांसाठीं सवलत ठेविली आहे. ‘माझ्यापाशीं मोटारच नाहीं’ असें सांगून यंत्र टाळणारेही पुष्कळ निघतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, यंत्र काढलें कीं त्याचा गुणही ओसरतो. तें हात धरतें, मन पालटीत नाहीं. फ्लोरिडांत मात्र यंत्राच्या नोंदींत वारंवार दोष आढळणाऱ्यांस व्यसनमुक्तीच्या उपचारांस जाणें भाग पाडलें. 2016 सालच्या एका अभ्यासांत अशांचे पुढील अपराध सुमारें एकतृतीयांशानें कमी झालेले दिसले. कुलुपास औषधाची जोड हवी, हा याचा बोध.

आमच्या कुटुंबवत्सल वाचकांस आम्ही आणखी एक गोष्ट आग्रहानें सांगूं इच्छितों. हें यंत्र एका माणसास दिलेली शिक्षा असली तरी घरांत गाडी एकच असली म्हणजे तें सर्वांच्याच वांट्यास येतें. मुलास शाळेंत पोंचविणाऱ्या पत्नीस आणि मंदिरांत जाणाऱ्या वृद्ध पित्यासही त्या नळींत फुंकावें लागतें. मद्यार्कयुक्त औषधी पाण्यानें नुकत्याच भरलेल्या चुळेमुळेंही यंत्र हटतें. अशा वेळीं साध्या पाण्यानें तोंड धुवून कांहीं मिनिटें थांबावें लागतें. हें सारें सोसतां येतें. खरी कसोटी निराळीच असते. रात्रीं उशिरां ‘एवढ्या वेळीं तूं फुंक’ असें पति पत्नीस म्हणतो, आणि घराण्याची अब्रू झांकण्याची आपली जुनी संवय तिला ‘हो’ म्हणावयास लावूं पाहते. त्याला गाडी मिळावी म्हणून त्याच्याऐवजीं फुंकणें हा न्यूयॉर्कच्या कायद्यानें स्वतंत्र अपराध आहे. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी त्या एका फुंकरीनें ती स्वतःच कुलूप उघडून देते, आणि उघडल्या गाडीपुढें कोणाचें मूल येईल हें कोणास ठाऊक?

आपल्या देशांत 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमानें रक्तांतील मद्यार्काची मर्यादा 30 मिलिग्रॅम ठरविली आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2019 च्या दुरुस्तीनें वाढविलेला दहा हजार रुपयांचा दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. मर्यादा अमेरिकेहून कडक आहे. परंतु त्या कलमांतही तेंच जुनें व्यंग आहे, कीं शिक्षा अपराधाच्या मागून येते. अशीं यंत्रें आपल्याकडे येवोत वा न येवोत, घरांतील एखादा माणूस पिऊन गाडीच्या किल्लीकडे हात नेतो, तेव्हां ती किल्ली आधींच उचलून ठेवण्याचें धैर्य घरांतल्या कोणीतरी दाखविलें पाहिजे. तो रागावेल, चार शब्द बोलेल, कदाचित् आठवडाभर अबोलाही धरील. तेवढा अबोला सोसण्याची घरच्यांनीं तयारी ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.