जमीन कसणाऱ्याची, गावाची की पहाणीवरच्या नावाची?

1840 साली फ्रान्सच्या प्रूदाँने मालमत्तेला थेट चोरीच्या पंगतीला बसवलं. पण कसणाऱ्याचा ताबा त्याला मान्य होता. न कसता खंड खाणारी मालकी तेवढी नामंजूर. पुढे क्रोपोत्किनने पीकसुद्धा गरजेप्रमाणे वाटा म्हटलं. राज्यच नको म्हणणाऱ्या अराजकवाद्यांचा हा घरचा वाद. आपल्या बीदर जिल्ह्यातल्या मंठाळच्या पारावर त्यांची नावं कुणी काढली नसतील, विषय मात्र इथं जुनाच. बसवकल्याण हे तर तालुक्याचंच गाव. तिथं बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह सांगितला: घाम गाळून मिळवा, उरेल ते समाजाला द्या. म्हणून त्यांना अराजकवादी ठरवणं ही ओढाताणच. बिज्जळ राजाचं भांडार सांभाळणारा माणूस तो!

इथलं, हैदराबादच्या निजामाचं राज्य गेलं आणि 1949 मध्ये जहागिरी खालसा झाल्या. 1950 च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं, निदान कागदावर. 18 एप्रिल 1951 ला याच हैदराबाद राज्यातल्या पोचमपल्लीत दलितांनी 80 एकर जमीन मागितली; रामचंद्र रेड्डींनी विनोबांपुढे 100 एकर देऊ केली. विनोबांना शासनमुक्त समाज हवा होता. त्यांच्या ग्रामदानात मालकी गावाची आणि कसणूक ज्याची त्याची, म्हणजे प्रूदाँच्या अगदी शेजारची वाट. मन वळवून जमीन मागणं थोर खरं, पण 5 कोटी एकरांचं लक्ष्य असताना हाती आली 40 लाखांच्या आसपास, आणि त्यातही माळरान नि वादातली पुष्कळ.

1956 साली बीदर म्हैसूर राज्यात गेलं. 1974 मध्ये देवराज अर्स सरकारने कुळवहिवाट मोडली. कुळांनी नमुना 7 भरायचा, न्यायाधिकरणाने निकाल द्यायचा. विनोबांना जे हात जोडून साधलं नाही, ते सरकारी शिक्क्याने बरंच साधलं. अराजकवाद्यांना हे झोंबेल, पण कुळाच्या बाजूने पाहिलं तर शिक्काच खरा ठरला. मात्र तो मालकी गावाला न देता पहाणीत, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, एकेकट्याला देऊन गेला. 2013 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने गावची सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, तसं आपल्याकडे घडलं नाही.

2020 साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली 79-अ आणि 79-ब ही कलमं काढून टाकली. आता शेतकरी नसलेल्यालाही इथली शेतजमीन विकत घेता येते.