फ्लीस इन
फ्लीस इन : इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यातील ब्रेटफर्टन या खेड्यातील ऐतिहासिक मद्यगृह. ‘फ्लीस’ म्हणजे मेंढीच्या अंगावरील लोकर. ‘पब’ या नावाने ओळखली जाणारी इंग्लंडमधील मद्यगृहे ही गावकऱ्यांची एकत्र जमण्याची ठिकाणे असून, खेड्यांतील अशा अनेक इमारती मुळात राहती घरे होती. त्यांचे वास्तुविशेष घरगुती स्वरूपाचे का असतात, याचा उलगडा या वास्तूवरून होतो.

ही वास्तू पंधराव्या शतकातील असून, प्रारंभी ती एका शेतकरी कुटुंबाचे घर होती. माणसे व गुरे यांना एकाच छपराखाली सामावून घेणाऱ्या लांबट घरांच्या प्रकारात ती मोडते. तिचे बांधकाम लाकडी सांगाड्याचे आहे. या पद्धतीत उभे खांब व आडव्या तुळया खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्क्या करीत आणि त्यांमधील चौकटी कामट्यांच्या कुडावर माती लिंपून भरून काढीत. छपराचा भार सांगाड्यावरच पडत असल्याने भिंती केवळ आडोशापुरत्या असत. त्यामुळे पुढील पिढ्यांना सांगाडा न मोडता दालनांत फेरफार करणे सुलभ जाई. फरसबंदी जमीन, ठेंगण्या दालनांतील उघड्या तुळया व भिंतीतील प्रशस्त चूल ही येथील अंतर्भागाची वैशिष्ट्ये होत. चेटकिणींनी धुराड्यातून आत शिरू नये, म्हणून चुलीपुढे पांढरी वर्तुळे रेखाटण्याची जुनी प्रथाही येथे जपलेली आहे.

इंग्लंडमध्ये १८३० च्या कायद्याने कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थास ठरावीक शुल्क देऊन बीअर तयार करण्याची व विकण्याची मुभा मिळाली. परिणामी अनेक राहत्या घरांत मद्यविक्री सुरू झाली. ब्रेटफर्टनमधील हे घर १८४८ मध्ये मद्यगृह बनले. तथापि मालकी मूळ कुटुंबाच्या वंशजांकडेच राहिल्याने त्याची घडण फारशी बदलली नाही. त्या कुटुंबातील लोला टॅपलिन यांनी १९७७ मध्ये मृत्युपत्राद्वारे ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा-संरक्षक संस्थेच्या स्वाधीन केली.

फेब्रुवारी २००४ मध्ये धुराड्यातील ठिणगीने शाकारणीने पेट घेतला व इमारतीची मोठी हानी झाली. मात्र जुन्या कथिली भांड्यांचा प्रसिद्ध संग्रह वाचला. दुरुस्तीनंतर २००५ मध्ये मद्यगृह पुन्हा सुरू झाले. अशा वास्तूचे संग्रहालय केल्यास लाकूड व माती टिकते, परंतु गावाचा तिच्याशी असलेला नित्याचा संबंध तुटतो. मद्यगृह म्हणून तिचा वापर चालू ठेवावा, तर ज्या चुलीभोवती लोक जमतात, त्याच चुलीपासून तिला धोका असतो. फ्लीस इनच्या बाबतीत हा धोका पत्करून दुसरा मार्ग अनुसरण्यात आला आहे.