कीआम, तीआम, केव्हा, तेव्हा

वॉर्सामध्ये शाळेत असताना लुडविक झामेनहोफ एक नवी भाषा घडवण्याच्या खटपटीत होता. व्याकरण आटोपशीर करणं जमत होतं, पण शब्दकोशाचं ओझं कमी कसं करायचं? वाट सुचवली ती रस्त्यावरच्या रशियन पाट्यांनी. दरवानाच्या खोलीवर ‘श्वेयत्सार्स्काया’, मिठाईच्या दुकानावर ‘कोंदितेर्स्काया’. दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच प्रत्यय! मग मूळ शब्द मोजकेच घ्यावेत, प्रत्यय ठरवून द्यावेत आणि बाकीचे शब्द बोलणाऱ्यांनी स्वतःच बनवावेत.

पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ साली ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने त्याने एक छोटं पुस्तक काढलं. व्याकरणाचे १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द. भाषेला पुढे हेच टोपणनाव चिकटलं.

या भाषेत नाम ‘ओ’ने संपतं, विशेषण ‘आ’ने. क्रियापदाला वर्तमानकाळी ‘आस’, भूतकाळी ‘इस’, भविष्यकाळी ‘ओस’. मी, तू, ते, कुणीही असो, रूप बदलत नाही. अपवाद नाहीत. पण मला खरी मौज वाटते ती शब्द जुळताना पाहण्यात. ‘साना’ म्हणजे निरोगी. आधी ‘माल’ लावला की अर्थ उलटतो: ‘माल्साना’, आजारी. व्यक्ती दाखवणारा ‘उल’ आणि नामाचा ‘ओ’ घातला की ‘माल्सानुलो’, म्हणजे रुग्ण. मध्ये जागा दाखवणारा ‘एय’ बसवला की ‘माल्सानुलेयो’. हा शब्द कधी ऐकला नसला तरी आपल्याला तो उलगडतो: रुग्णालय!

कर्माला ‘न’ लागतो, त्यामुळे आपल्या ‘ला’सारखी शब्दक्रमाची मोकळीक मिळते. पण हा ‘न’ आणखी एक काम करतो, आणि तिथे मी थक्क होतो. ‘ला कातो साल्तास सुर ला ताब्लो’ म्हणजे मांजर टेबलावर आहे आणि तिथेच उड्या मारतंय. शेवटचा शब्द ‘ताब्लोन’ केला की मांजर खालून टेबलावर उडी मारतं. मराठीत ‘टेबलावर’ दोन्हीकडे तेच राहतं, फरक संदर्भावरून ओळखावा लागतो. इथे एका व्यंजनाने हालचालीची दिशा सांगितली.

मराठी माणसाने तर यातला सर्वनामांचा आणि अव्ययांचा तक्ता पाहायलाच हवा. पाच आरंभ, नऊ शेवट, एकूण ४५ शब्द. प्रश्नासाठी ‘की’, निर्देशासाठी ‘ती’. काळासाठी ‘आम’, स्थळासाठी ‘ए’, रीतीसाठी ‘एल’. कीआम–तीआम: केव्हा–तेव्हा. कीए–तीए: कोठे–तेथे. कीएल–तीएल: कसं–तसं. हा योगायोग नाही. झामेनहोफने बहुतेक सामग्री युरोपीय भाषांमधून उचलली. आपले ‘क’ आणि ‘त’ संस्कृत-प्राकृतातून आले. दोन्ही घराणी फार मागे एकाच मुळाशी मिळतात. आपला ‘ज’ मात्र तिथे नाही, ‘जेव्हा’लाही कीआमच. उलट ‘ई’, ‘ची’ आणि ‘नेनी’ या आरंभांनी ईआम, चीआम, नेनीआम होतात: कधीतरी, नेहमी, कधीच नाही. नऊच्या नऊ शेवटांना हे पाचही आरंभ लागतात, एकही घर रिकामं नाही.

इतक्या आखीव व्याकरणात वादाला जागा कुठली, असं वाटेल. पण धातुसाधितांवरून एक वाद वर्षानुवर्षं चालला. ‘मी जन्मलो’ हे कर्मणी रचनेत सांगताना ‘नास्काता’ म्हणायचं की ‘नास्किता’? एका बाजूचं म्हणणं असं, की ‘आत’ आणि ‘इत’ काळ दाखवतात. जन्म त्या भूतकाळाच्याच क्षणी घडत होता, म्हणून ‘नास्काता’. दुसरी बाजू म्हणे, ते क्रिया चालू आहे की पुरी झाली हे दाखवतात. जन्म पुरा झाला, म्हणून ‘नास्किता’. रूपं दोन्ही नियमाला धरूनच होती. प्रत्ययाचा अर्थ नेमका कुठवर पोचतो, हे मात्र १६ नियमांत मावलेलं नव्हतं. ते बोलणाऱ्यांनाच आपसांत लावावं लागलं. १९६७ साली एस्पेरांतोच्या अकादमीने ‘नास्किता’च्या बाजूने कौल दिला. झामेनहोफला जाऊन तेव्हा ५० वर्षं झाली होती.