‘सहव्याधी’ : एका संज्ञेचा अर्थविस्तार

‘सहव्याधी’ हा शब्द मराठीत सर्वपरिचित झाला तो २०२० च्या कोरोना-साथीत. ज्या इंग्रजी संज्ञेचा तो पर्याय आहे, ती अमेरिकन वैद्यक ॲल्व्हन फाइनस्टाइन यांनी १९७० मध्ये प्रचारात आणली. मुख्य रोगाबरोबर त्याच रोग्यास असलेला दुसरा स्वतंत्र रोग, असा तिचा मूळ अर्थ होय. आयुर्वेदातील ‘उपद्रवा’हून ही कल्पना भिन्न आहे, उपद्रव मूळ रोगातूनच मागाहून उद्भवतो.

साथीच्या काळात मात्र हा अर्थ सरकला. मुख्य रोगाची बाधा झालेलीच नाही अशा मधुमेही वा हृद्रोगी माणसासही हा शब्द लागू झाला. ‘सह’ हे पद संभाव्य रोगाकडे निर्देश करू लागले. निदानाची संज्ञा अशा रीतीने जोखमीची संज्ञा झाली आणि तिच्यावरून सवलती ठरू लागल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या १७ मे २०२० च्या सूचनांनी ६५ वर्षांवरील व्यक्ती व गरोदर स्त्रिया यांच्यासमवेत सहव्याधी असलेल्यांनाही घरीच राहण्यास सांगितले. टाळेबंदीपूर्वीपासून उपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांस, औषधचिठ्ठी सादर केल्यास, शक्यतो हजेरीच्या पाळीतून वगळावे, असे केंद्रीय कार्मिक विभागानेही त्याच महिन्यात कळविले.

परंतु या सवलतीस ‘सहव्याधी’इतकाच ‘कर्मचारी’ हा शब्दही आवश्यक होता. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या चंदगड तालुक्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. कचेरीतील मधुमेही कारकुनास कामाचा काही भाग घरी नेता येईल. काजू फोडणाऱ्या दमेकरी स्त्रीस किंवा एस.टी.च्या चालकास ते शक्य नाही. रोजंदारीवरील स्त्रीच्या बाबतीत ‘घरी राहा’ याचा व्यवहारातील अर्थ ‘मजुरी सोडा’ असा होतो. आशा सेविकांची स्थिती तर अधिक विलक्षण. राज्यात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत त्या घरोघर जाऊन इतरांच्या सहव्याधींची नोंद करीत होत्या; परंतु शासनाच्या परिभाषेत त्या स्वतः कर्मचारी नव्हत्या, तर मोबदल्यावर काम करणाऱ्या ‘स्वयंसेविका’ होत्या.

कायद्याची परिभाषाही येथे अपुरी पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात ज्या तत्त्वास ‘वाजवी समायोजन’ म्हणता येईल, ते आहे : मालकावर अवाजवी बोजा न पडता कामाच्या रीतीत करावयाचे आवश्यक फेरफार. तथापि त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत थॅलसेमिया व हिमोफिलिया असले, तरी मधुमेह वा रक्तदाब नाहीत.

सूट आणि समायोजन यांतील भेद म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. सूट माणसाला कामापासून दूर करते. समायोजन कामालाच माणसाजोगे करते. गर्दी टाळणारी पाळी, मोकळ्या हवेतील बैठक, लोकसंपर्काऐवजी दुसरे काम आणि काहीच शक्य नसल्यास सवेतन रजा, ही त्याची साधी रूपे होत. आजार गुप्त ठेवण्याची हमीही त्यात अंतर्भूत असावयास हवी. कारण लहान गावात टेबलावर ठेवलेली औषधचिठ्ठी फार काळ टेबलावरच राहत नाही. पुढील साथीपूर्वी या दोन्ही शब्दांची व्याप्ती निश्चित झाली नाही, तर ज्यास संरक्षणाची गरज सर्वाधिक, तोच पुन्हा व्याख्येबाहेर राहील.