आईच्या खांद्यासाठी यंत्र

पोचमपल्ली साडीवरची नक्षी विणताना उमटत नाही. ती आधीच सुतावर रंगवलेली असते. त्यासाठी सूत मोजून, गटागटाने लावून घ्यावं लागतं. या कामाला तेलंगणात ‘आसू’ म्हणतात. एका टोकाला एक खुंटी, समोर अर्धवर्तुळात खुंट्यांची रांग. बाई धागा घेऊन इकडून तिकडे हात फिरवत राहते. एका साडीसाठी सुमारे नऊ हजार वेळा! दिवसाला दोन साड्या म्हणजे अठरा हजार. खांदा भरून येणार नाही तर काय?

आलेरजवळच्या शारजीपेटच्या चिंतकिंदी मल्लेशम यांची आई लक्ष्मी हेच सोसत होती. शाळा लवकर सुटलेल्या मल्लेशम यांनी 1992 मध्ये यंत्र जुळवायला घेतलं. हात फिरवणं यंत्राला लवकर जमलं. अडलं ते प्रत्येक फेरीला धागा नेमक्या पुढच्या खुंटीवर चढवण्यापाशी.

पैसे संपले, लोकांनी वेड्यात काढलं. शेवटी हैदराबादेत काम करताना दुसऱ्याच एका यंत्राची हालचाल पाहून त्यांना तो दुवा सापडला. 1999 मध्ये यंत्र पूर्ण झालं. चार-पाच तासांचं काम दीड तासावर आलं.

2017 मध्ये मल्लेशम यांना पद्मश्री मिळाली. यंत्राचं नाव मात्र आईचं: लक्ष्मी आसू यंत्र.