पडून असलेल्या वस्तूंतून घराला शोभा
(काय वापरावे आणि काय उंबऱ्याच्या आत आणू नये)



दसरा-दिवाळी जवळ आली, की घराच्या साफसफाईला सुरुवात होते. माळा उतरवला, की खाली काय काय निघते! फाटकी लुगडी, युरियाची रिकामी पोती, क्षार धरून बुजलेल्या ठिबकच्या नळ्या, स्लॅबच्या वेळी उरलेले सळईचे तुकडे, चार विटा, दोन फळ्या. आपण हे सगळे एक तर भंगारात देतो, नाही तर गोठ्यामागे टाकतो. आणि मग घरात पाहुणे यायचे, पोरीला बघायला मंडळी यायची, म्हणून उसनवारी करून बाजारातून सामान आणतो. सण चार दिवसांचा आणि देणे मात्र पुढच्या बिलापर्यंत! हे टाळता येते. शिरूर-दौंड भागात ज्या वस्तू घरोघरी सापडतात, त्यांतूनच घर नीटनेटके कसे करायचे ते या पत्रकात सांगितले आहे. मात्र टाकाऊ वस्तूंपैकी काही वस्तू विषारी असतात. त्या कोणत्या, हे आधी वाचा आणि मगच कामाला लागा.

या वस्तू घरात नकोतच

१. औषध फवारणीचे डबे व बाटल्या. डबा चांगला जाड, झाकण घट्ट, म्हणून तेल, डाळ किंवा पाणी ठेवायचा मोह होतो. कुणी त्यात फुलझाड लावून ओसरीवर ठेवतात. धुतले तरी विष पूर्ण जात नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणानंतर २३ मुले दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. एवढे एक उदाहरण पुरे आहे. औषध संपले, की डबा तीन वेळा विसळा, विसळलेले पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करा. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असे डबे फोडून वस्तीपासून लांब पुरावेत. विहीर आणि ओढा यांपासूनही जागा लांबच हवी.

२. भंगारातले निळे पिंप. आपल्या भागात कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, रांजणगावलाही मोठे कारखाने आहेत. बाजारात जुने पिंप स्वस्तात मिळते. त्यात आधी काय होते, हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा पिंपात पाणी किंवा धान्य भरू नका आणि ते कापून घरात बैठकही करू नका.

३. रंग लावलेल्या बियाण्याच्या पिशव्या. तो लाल-गुलाबी रंग बीजप्रक्रियेच्या औषधाची खूण असते. पिशवी कितीही देखणी असली तरी तिची उशी किंवा थैली शिवू नका.

४. जुन्या तैलरंगाचे उरलेले डबे. जुन्या रंगांत शिसे असायचे. घरगुती रंगातले शिसे कमी करण्याचा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा डबा निघाला, तर पाळणा, खेळणी, खाट यांना तो रंग लावू नका. लहान लेकरू जे दिसेल ते तोंडात घालते.

आता कामाकडे वळू.

लुगड्याची गोधडी

गोधडी आपल्याला नवी नाही. पण ती फक्त पांघरायची, असे का? दिवाणावर, बाजेवर अंथरली तर बैठकीला शोभा येते. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे २७ फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. चारही एकावर एक ठेवले, की एका माणसाच्या अंथरुणाएवढी गोधडी झाली. वरच्या थराला चांगला रंग, चांगले काठ ठेवा. विरलेला भाग आत घाला.

कापड आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, म्हणजे पुढे आटत नाही. जमिनीवर ताणून अंथरा, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा आणि मोठे टाके घालून थर पक्के करा. मग कडेने सुरू करून आत आत धावदोरा घालत या. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर पुरे. फाटले असेल तिथे वेगळ्या रंगाचे ठिगळ लावा. चौकोनी, तिकोनी ठिगळे नीट मांडली, तर तीच नक्षी होते. खर्च फक्त सुई-दोऱ्याचा.

युरियाच्या पोत्याचे खिसे

युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. रिकामे पोते उलटे करून दोन-तीन पाण्यांनी धुवा. युरिया पाण्यात विरघळतो, त्यामुळे पोते चांगले निघते. पण एक सांभाळा. ते धुतलेले पाणी जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नका. युरियाचे पाणी प्यालेली गाय-म्हैस दगावते. गोठ्यापासून आणि हौदापासून लांब धुवा आणि पाणी झाडाच्या आळ्यात ओता.

पोते वाळले, की ते न उसवता सपाट ठेवा. साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब भरेल. त्यावर जुन्या साडीचे कापड शिवून घ्या. मग वीतभर उंचीच्या कापडी पट्ट्या आडव्या लावा, वरची कड दुमडा आणि मध्ये उभी शिवण घालून खिसे पाडा. तीन ओळींत सहा खिसे होतात. पोत्याची कापलेली कड उसवत जाते, म्हणून बोटभर आत दुमडून दुहेरी शिवा. वरच्या बाजूला नेफा करून त्यात काठी घाला आणि भिंतीला टांगा.

यात सातबारा, बँकेचे पासबुक, वीजबिल, दवाखान्याची चिठ्ठी, मुलांची कंपासपेटी ठेवा. ऐन वेळी कागद शोधत सगळे घर पालथे घालावे लागत नाही. हे पोते उन्हात टांगू नका. उन्हाने त्याचा भुगा होतो. आणि खताच्या पोत्यात खायचे धान्य भरू नका.

फळ्या आणि विटांची मांडणी

कारखान्यांच्या मालाखाली लाकडी चौकटी येतात. भंगारात त्या फळ्या मिळतात. घेताना शिक्का बघा. परदेशातून फिरून आलेल्या चौकटीवर गव्हाच्या ओंबीसारखे चित्र आणि इंग्रजी अक्षरे असतात. ‘एच टी’ असेल तर लाकूड नुसते तापवलेले आहे, ते चालेल. ‘एम बी’ असेल तर त्याला विषारी धुरी दिलेली आहे, ते घरात नको. शिक्का नसेल तर डाग आणि वास बघा. तेलकट, उग्र वासाची फळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

चार फूट लांब आणि चार इंच रुंद अशा चार फळ्या आणि १५ विटा घ्या. दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक वीट मांडून त्यावर दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवा. त्यावर तिन्ही जागी चार-चार विटा रचा आणि वर उरलेल्या दोन फळ्या ठेवा. झाली दोन कप्प्यांची मांडणी. खाली वीट असल्याने ओल येत नाही आणि वाळवी चढू लागली तर लगेच दिसते. याहून उंच रचू नका. रांगते मूल धरून उभे राहायला गेले, तर विटा अंगावर येतील. मांडणी भिंतीला टेकवूनच ठेवा.

ठिबकच्या नळीची कड आणि पडदा

१६ मिलिमीटरची नळी बुजली, की शेताला निरुपयोगी होते. तिला लांबीत एकच चीर द्या आणि पत्र्याच्या किंवा फळीच्या धारेवर बसवा. हात कापायची, साडी अडकायची भीती गेली. अखंड नळीत ८ मिलिमीटरची उरलेली सळई घातली, की पडद्याची दांडी होते. नुसती नळी मात्र मध्ये वाकते. पडदा जुन्या साडीचा करा.

पत्र्याच्या घरात काही जण साडीचे छत बांधतात. दिसते छान, पण चूल, देवघरातला दिवा आणि विजेच्या तारा यांपासून कापड चांगले लांब हवे. तारेचा जोड उघडा असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या. ते होईपर्यंत छत बांधू नका.

दाराला कणसांचे तोरण

बाजरीची चांगली भरलेली कणसे देठासकट कापून सावलीत वाळवा. पाच-पाचची जुडी सुतळीने बांधा आणि दोरीला वीतभर अंतरावर अडकवा. तोरण दाराबाहेर लावा. चिमण्या येतील, तेवढीच अंगणाला जाग. धान्याच्या कणगीजवळ मात्र लावू नका, कारण जुन्या कणसांना कीड लागते आणि ती साठवणीत उतरते.

जाता जाता एक सांगतो. अंगणात जुने टायर, फुटका माठ ठेवून झाडे लावणार असाल, तर बुडाला भोके पाडा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दीड आठवड्यात वाढतो.

तर मंडळी, सगळे एकदम करू नका. या आठवड्यात घरातले औषधाचे डबे शोधून ते निकामी करा. पुढच्या आठवड्यात एक गोधडी नाहीतर खिशांचे पोते करायला घ्या. मुलांना हाताशी घ्या, म्हाताऱ्या आईला ठिगळांची मांडणी विचारा. तिला जे येते, ते कुठल्या दुकानात मिळत नाही. हे पत्रक त्या पोत्याच्या पहिल्या खिशात जपून ठेवा आणि शेजारणीलाही वाचून दाखवा.